यांना हलवू नका

३ जून, सोमवार
आज काकांना उभं केलं. मीटिंग संपेपर्यंत! ज्याची विक्री सगळ्यांत कमी त्याने खुर्ची सोडायची, हा आमच्या साहेबांचा शोध. मोठी माणसं आम्ही, टाय लावून, पॉलिश केलेले बूट घालून शाळेतल्या पोरांसारखी शिक्षा भोगतो.

काका आमच्यात सगळ्यांत जुने. औषधं कशी विकायची ते मला त्यांनीच शिकवलं — बॅग कुठल्या खांद्याला लावायची इथपासून. गुडघे कामातून गेलेत त्यांचे. जरा भिंतीला टेकले तर साहेब म्हणतात, "भिंत धरून आकडा वाढतो का हो?" सगळे हसले. मीही हसले. हसले कसली, दात दाखवले.

शेवटी बातमी. शेजारच्या भागातल्या मॅनेजरची जागा रिकामी झालीय. इथून एक नाव जाणार, ते साहेब पाठवणार.

मला ती जागा हवीय. उगाच साळसूदपणा कशाला, या वहीत कोण बघतंय!

५ जून
बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाकावर ताटकळत बसले होते. एक बाई कडेवरचं पोर सावरत मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "या बॅगवाल्या मध्येच घुसतात." मी कुठे घुसते बाई, मी शेवटचा पेशंट गेल्यावर आत जाते. डॉक्टर तेव्हा हात धुवत असतात आणि मी त्यांच्या पाठीला नव्या सिरपचे गुण सांगते.

घरी आले तर लेकीचा प्रश्न, "आई, तू रोज डॉक्टरकडे जातेस, मग तू बरी का होत नाहीस?" नवरा हसून लोळायचा बाकी होता. मला नाही हसू आलं.

६ जून
आमच्यातला तो नवा पोरगा, मी त्याला टापटीप म्हणते, तोसुद्धा त्या जागेवर डोळा ठेवून आहे! आत्ता आत्ता तर चिकटला. केसांचा भांग सोडला तर त्याचं काय सरळ आहे?

१० जून
उद्या साहेब दिवसभर माझ्याबरोबर फिरणार. डॉक्टरांशी कशी बोलते, डॉक्टर काय म्हणतात, ते बघणार. "त्यानंतर नावाचं ठरवू," म्हणाले.

अशा दिवसाची तयारी सगळेच करतात. आपल्यातला डॉक्टर आदल्या दिवशी गाठायचा आणि हात जोडायचे. मीही गेले बालरोगवाल्यांकडे. "सर, उद्या साहेब बरोबर आहेत. माझ्याविषयी दोन शब्द बरे बोला." ते नुसते हसले. "बोलतो की!" सज्जन माणूस. माझ्याकडे पाठ करून का होईना, ऐकून तरी घेतो.

११ जून
बोलले. दोन शब्द सांगितले होते, पुराणच लावलं! माझ्यासारखी माहिती कुणी देत नाही, वेळेला पक्की, खोटं बोलत नाही. मी खाली मान घालून मनात उड्या मारत होते. आणि मग साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यांना मात्र इथून हलवू नका. या गेल्या तर तुमचं औषध मी कशाला लिहीन?"

मला अजूनही तेव्हा कौतुकच वाटत होतं. वेडी!

गाडीत साहेबांनी आधी काच वर केली. मग म्हणाले, "खरं सांगू? मी तुमचंच नाव धरून बसलो होतो. पण आता वर काय तोंड दाखवू? सगळ्यांत मोठा डॉक्टर हातचा गेला तर?" आवाज असा हळू, की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली.

१२ जून
स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. डोकं ठणकतंय.

१४ जून
टापटीपला जागा मिळाली. मला काय मिळालं? काचेचा तुकडा, खाली लाकूड, वर लिहिलंय 'आधारस्तंभ'. टाळ्या! खांबाला कोणी बढती देतं का? तो तिथेच उभा राहतो, वरचे मजले चढत राहतात.

नवरा म्हणाला, "सोड की मग." सोडून जाऊ कुठे? मागे दुसऱ्या कंपनीत विचारलं होतं. तिथला पोरगेला अधिकारी म्हणाला, "मॅडम, आम्हाला जरा ताज्या दमाची माणसं हवीत." मी काय शिळी आहे?

एक मात्र आहे. साहेब नंतर जवळ येऊन म्हणाले, "माझ्यावर राग धरू नका." इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, असं कधी कुणाला म्हणालेले ऐकलं नाही. कडक आहे माणूस, पण माझ्यासाठी मनात काहीतरी होतं. खोडा डॉक्टरांनी घातला. मी त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही. मरू दे ते सिरप.

१९ जून
काकांनी वर तक्रार केलीय! त्या उभं करण्याची. आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती, या गुडघे गेलेल्या माणसाने केली.

संध्याकाळी बसस्टॉपवर भेटले. "तुला विचारतील गं. सगळे तुझं ऐकतात, तुझी विक्री चांगली. खोटं काही सांगू नकोस, झालं ते सांग." मी म्हटलं, हो काका.

२१ जून
मुख्य कार्यालयातून बाई आल्या होत्या. दार लावून एकेकाला विचारलं. मला म्हणाल्या, "कुणाचा अपमान होतो का इथे?"

जिभेवर सगळं आलं होतं. तेवढ्यात साहेबांचा तो गाडीतला आवाज आठवला. ज्या एका माणसाने माझं नाव धरलं होतं, त्याच्याच मुळावर मी उठू? मी म्हणाले, "साहेब कडक आहेत. पण मनाने वाईट नाहीत. उभं राहणं काय, थट्टेथट्टेत चालतं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. झालं.

बाहेर काका खुर्चीत बसून होते. मी फोनवर बोलत असल्यासारखं केलं आणि निघून आले.

२६ जून
तक्रार निकालात. तक्रारीत तथ्य नाही म्हणे. काकांना 'स्वखुशीने' राजीनामा द्यायला सांगितलं. कुठली खुशी!

सगळे मला टाळतात. डबा खायला बसले तर दोघं उठून गेले. एकजण जाता जाता म्हणाला, "आधारस्तंभ!"

मी काय चूक केली? उपकाराची जाण ठेवली. एवढंच.

१ जुलै
नवा महिना लागला, टाळून चालेना. गेले बालरोगवाल्यांकडे. तोंड वाकडंच होतं माझं. ते मात्र बघताच खुलले. "काय, टळली ना बदली?"

"कुठली बदली सर?"

"अहो, तुम्ही साहेबांना घेऊन येणार होतात ना, त्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन आला होता मला. म्हणाले, बाईंची लांब बदली व्हायचं घाटतंय, घरी लहान मुलगी आहे. तुम्ही जोर लावून सांगा, हलवू नका म्हणून, म्हणजे मला वर दाखवता येईल. बाईंना मात्र बोलू नका, त्यांना ओशाळल्यासारखं होईल. भला माणूस हो! आम्ही तर घोकूनच ठेवलं होतं."

मी म्हटलं, "हो सर. टळली."

जिन्यातच काकांना फोन लावला. लगेच उचलला त्यांनी. "बोल गं," म्हणाले. अगदी नेहमीसारखं.