बॉनेटखालचं कुंकू

सोमवार, १४ ऑक्टोबर १९९१, रामनगर

खाणवाल्या अण्णांची आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन गाडी माझ्या गॅरेजात आज दुरुस्त होऊन पुरी झाली. अशी गाडी अख्ख्या तालुक्यात न्हाई. कंपनीचा निळा रंग, जुने स्क्रूसुद्धा मी मूळचेच ठेवले. तसंच ठरलं हुतं.

बॉनेट उघडून अण्णांनी आतनं हात फिरवला. मग म्हणाले, "हितं आतल्या अंगाला कुंकवाची पाच बोटं हुती की रे. हिनं पहिल्या खंडेनवमीला उठवलेली."

अण्णांची बायको, आमची काकी, जाऊन चार वर्सं झाली. आणि ती बोटं मीच गंजाचे डाग म्हणून काल थिनरनं पुसली. अण्णा रागावले असते तर बरं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले नि गेले.

पाच बोटं. दिसली कशी न्हाईत मला?

संध्याकाळी बायको गॅरेजातली फडकी धुवायला निघाली. त्यात कालचं थिनरचं एक हुतं, लाल झालेलं. मी हिसकावूनच घेतलं.