रचनाला घडवताना

३ जून, सोमवार. सकाळी ७
रवळनाथाला फूल वाहिलं. आजपासून रचनाला घडवायचं. ती आमच्या समुपदेशन केंद्रातली नवी समुपदेशक. शिक्षण भरपूर, अनुभव शून्य. विश्वस्त मारुतीराव म्हणाले, पुढची पिढी तयार करा. म्हणजे रिकामं झालेलं केंद्रप्रमुखपद माझ्याकडेच येणार. न मागता.

६ जून, गुरुवार
रचनाला माझ्या सेशनला बसवलं. वडगावचे विणकर भरमू आलते. झोप लागत नाही, घरी सांगितलेलं नाही. ते बोलत असताना मी मनात नामस्मरण चालू ठेवतो. काही वाक्यं निसटतात, पण सूर कळतो. मग विचारलं, कुणाच्यातले? सासुरवाडी उचगाव निघाली. सासरे माझ्या चांगल्या ओळखीचे. तिथल्या तिथं फोन लावून जावयाकडं लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. भरमू लगेच उठून निघाले. मन हलकं झालं असणार.
नंतर रचना म्हणाली, अण्णा, त्यांनी घरात कळवू नका म्हटलं होतं. मी समजावलं, सासरा म्हणजे घर नव्हे. पुस्तकी ज्ञान आहे, होईल कमी.

१३ जून, गुरुवार
भरमू आले नाहीत. गुण आला.

१८ जून, मंगळवार
बँकेतून परत आलो, तर रचनाच्या खोलीतून भरमूंचा आवाज. "त्या अण्णांस्नी कळू देऊ नका, बाई. सासरा रोज रात्री फोन करून उठवतोय. झोपलास काय रं, म्हणून इचारतोय."
दाराबाहेर उभा होतो. वाईट वाटलं नाही. तसं काहीच वाटलं नाही.

२१ जून, शुक्रवार
मारुतीरावांनी बोलावलं. प्रमुखपद रचनाला. शिवाय यापुढं ज्येष्ठांनाही सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाबद्दल नि स्वतःबद्दल दुसऱ्या समुपदेशकापाशी बोलायचं. माझं रचनाकडं. लगेच होकार दिला. तिला आधार लागेल.
जेवण नेहमीसारखं झालं. चव काय होती, आठवत नाही.

२७ जून, गुरुवार
पहिली बैठक. रचनानं चहा मागवला. विचारलं, कसे आहात. मी केंद्र कसं उभं राहिलं ते सांगितलं. नंदगडची शिबिरं सांगितली. तरुण पिढीला काय जमत नाही, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, "ते कळलं, अण्णा. तुम्ही कसे आहात?"
तोंड उघडलं. तिनं घाई केली नाही. चहावर साय धरली.
शेवटी म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगतो.
घरी येऊन तासभर देवासमोर बसलो. अजून काही सुचलेलं नाही.