देवदाराच्या खोलीत रॉकेल नव्हते

मी, सोइला कामेहो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार पिनार देल रिओ, सिगार कारखान्यात सिगार ओढून त्यांची चव ठरवण्याच्या कामावरून निवृत्त, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे हृदय थकले आहे असे डॉक्टरीणबाई सांगतात. डोके थकले आहे असे अजून कोणी म्हटलेले नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. उलट हा कागद ज्या एकीने आधी वाचला, तिने लिहू नकोस असेच सांगितले. दोन वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे. त्यात मी घर चर्चला दिले होते. पाद्रीबाबांनी रागावू नये. कारण पुढे येईल.

कलम १. माझे घर, म्हणजे दोन खोल्या, मागचे अंगण आणि त्यातले पेरूचे झाड, माझा थोरला भाऊ कै. आर्सेनिओ याची एकुलती एक मुलगी निएवेस हिला द्यावे. मी आजारी पडल्यापासून तीन वर्षे तीच माझे करते आहे. स्वयंपाकघराचे छप्पर पश्चिमेकडून गळते, हे तिला सांगायला नको. बादली तीच ठेवते. आधी मी तिला घर दिले नाही याचे कारण मला लाज वाटत होती. घर देणे म्हणजे दंड भरून सुटणे, असे वाटायचे.

कलम २. बँकेत जे काही पेसो असतील ते माझ्या मातीला लावावेत. उरले तर छपराला.

कलम ३. माझा नवरा १९८० साली बोटीतून मायामीला गेला आणि पत्र पाठवतो म्हणाला. त्याला काहीही नाही. त्याचे सदरे फाडून मी केव्हाच पुसणी केली.

कलम ४. शेजारीण एउलालिया हिने माझ्या पेरूची फांदी न विचारता तोडली, त्याला एकोणीस वर्षे झाली. तिला शिडी द्यावी असे मनात होते. पण ती या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे कळले. दोघींच्याही दृष्टीने हे बरेच झाले.

कलम ५. माझी अर्धगोल सुरी मिर्ताला द्यावी. चाखणाऱ्यांच्या टेबलावर बसण्याआधी मी बारा वर्षे सिगार वळत होते, तेव्हाची ती आहे. मिर्ता आम्हा पाच चाखणाऱ्यांत सर्वांत लहान होती. तिचे मी काय देणे लागते, ते आता लिहिते.

कारखान्यात तयार सिगार देवदारी कपाटांच्या खोलीत ठेवतात. त्या खोलीची किल्ली आर्सेनिओकडे होती. १९९३ चे साल. दिवसातून आठ-आठ तास वीज नसे, पण आर्सेनिओ पहाटे खिडक्या उघडून, उन्हे चढायच्या आत बंद करून, भिंतीला ओली पोती लावून ती खोली जपत असे. त्या वर्षी मार्चमध्ये मला मोठा ताप आला. तीन आठवड्यांनी कामावर परतले. मे महिन्यात आठ महिने मुरलेला माल चाखायला आला. मी पहिला पेटवला, कोऱ्या चहाने तोंड धुतले, दुसरा पेटवला. चव नव्हती. कोमट धूर, बस्स.

मी वरिष्ठ होते. कारण शोधायचे काम माझेच. मी खोलीत गेले आणि शिकले होते त्या क्रमाने एकेक गोष्ट पाहिली. दमटपणा दाखवणारे यंत्र खोटे बोलते का, म्हणून ते मिठाच्या ओल्या वाटीबरोबर बरणीत बंद करून ठेवले. काटा पंचाहत्तरवर यायला हवा, चौऱ्याहत्तरवर आला, म्हणजे यंत्र खरे होते. सिगार सुकले असतील तर दाबल्यावर कुरकुरतात. कुरकुरले नाहीत. फार ओले असतील तर स्पंजासारखे लागतात, एका बाजूने जळतात. तसेही नव्हते. बुरशी नाही, किड्याची भोके नाहीत. कडक आणि सौम्य पान एका कप्प्यात ठेवले की एकाचा वास दुसऱ्यात उतरतो. आर्सेनिओने कप्पे वेगळे ठेवले होते. कोवळ्या मालाला उग्र वास असतो, पण हा मुरलेला होता.

सगळे ठीक होते. दोष सापडत नव्हता. पण चव नव्हती हे मला माझ्या जिभेने सांगितले होते, आणि माझ्या जिभेवर शंका घेण्याची मला सवय नव्हती.

तेव्हा मी रॉकेल आणले. म्हणजे अहवालात आणले. वीज गेल्यावर खोलीच्या राखणदाराने, म्हणजे आर्सेनिओने, रॉकेलचा कंदील खोलीत नेला असावा, त्या वासाने माल मेला, असे मी लिहिले. कंदील मी पाहिला नव्हता. दुसरे काही उरले नव्हते म्हणून तो लिहिला.

इतर चौघींनीही तोच माल ओढला होता. मिर्ताने आपल्या कागदावर आधी “चव उत्तम” लिहिले. मग माझ्या कागदाकडे पाहिले, लिहिलेले खोडले आणि “सपाट” लिहिले. तिला खोडताना मी पाहिले आणि काही बोलले नाही.

व्यवस्थापकांनी आर्सेनिओला बोलावले. मी खुर्चीवर बसले होते, तो दारात उभा होता. कंदील आत नेला होता का, असे त्याला विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “हो. नेला होता.”

त्याच्याकडून किल्ली काढून घेतली आणि त्याला गोदामात गाठोडी उचलायला लावले. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. तो सबंध माल मोडून चुऱ्यात घातला. मी घरी येऊन शांत झोपले, कारण त्याने कबूल केले होते.

कलम ६. हे कलम कोणाला काही देत नाही, पण त्यावाचून पुढचे कळणार नाही.

जुलैत एका दुपारी मी चुलीपाशी उभी राहून शेंगा निवडत होते. एउलालिया भिंतीवरून म्हणाली, “सोइला, तुझं दूध जळून कोळसा झालंय. अख्ख्या गल्लीला वास येतोय, तुला येत नाही?”

भांडे माझ्यापासून हातभरावर होते. मी ते उतरवले. मग लसूण ठेचून नाकाला लावला. व्हिनेगर उघडले. शेवटी रॉकेलची बाटली उघडली आणि तोंड लावता लावता थांबले. काही नाही. ताप जाताना माझे नाक घेऊन गेला होता. गोड, खारट, कडू तेवढे जिभेवर उरले होते. मे महिन्यातला तो माल चांगला होता.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांच्या जिन्यापर्यंत गेले. चार पायऱ्या चढले. नाक नसलेल्या चाखणारीला कारखान्यात कोण ठेवील, हा विचार मनात आला आणि मी उतरले. खरे तेवढेच आहे.

त्यानंतर आठ वर्षे मी त्या टेबलावर बसले. राख किती लांब टिकते, धूर किती जोराने ओढावा लागतो, हे हाताला कळे. बाकीचे मी मिर्ताच्या चेहऱ्यावर वाचत असे. तिला माल आवडला की तिची डावी भुवई किंचित उचले. माझे म्हणून ज्या निर्णयांची वाहवा झाली, ते सगळे त्या भुवईचे आहेत. सुरी तिला त्यासाठी.

आर्सेनिओ माझ्या घरी पुन्हा आला नाही. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावून जाई. तीन वर्षांत त्याची पाठ गेली. २००६ साली तो वारला. त्याच्या मातीला मी सगळ्यांच्या मागे उभी होते. न केलेला गुन्हा त्याने कबूल का केला, हे मला समजले नव्हते. मला वाटले, बहिणीचा इतका तिटकारा आला की भांडावेसेही वाटले नाही.

कलम ७. गेल्या महिन्यात मी वरील मजकुराचा कच्चा कागद निएवेसपुढे ठेवला आणि आता तू इथून निघून गेलीस तरी चालेल, असे सांगितले. तिने उभ्यानेच वाचला. मग खुर्ची ओढून बसली.

“आत्या, बाबांना माहीत होतं.”

मी म्हटले, काय माहीत होते?

“तुझं नाक गेलंय ते. व्यवस्थापकांनी बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी, तुझ्या अहवालाचं ऐकून, ते तुला कॉफी घेऊन आले होते, आठवतं? त्यात कॉफीचा दाणा नव्हता. नुसते भाजलेले वाटाणे होते. तू म्हणालीस, दादा, इतकी छान कॉफी कुठून मिळवलीस.”

मला आठवले. शिधापत्रिकेवर तेव्हा अर्धी कॉफी न् अर्धे वाटाणे मिळत; ही चांगली कडू लागली, म्हणून मला नवल वाटले होते. तो हसला नव्हता. कप घेऊन गेला होता.

निएवेस म्हणाली, त्या संध्याकाळी बाबांनी तिच्या आईला सांगितले की खरे बोललो तर सोइलाची नोकरी जाईल. तिचा नवरा पळालेला, मूलबाळ नाही. मला निदान तुम्ही दोघी आहात.

मी विचारले, मग तो माझ्याकडे यायचा का थांबला?

“ते म्हणायचे, मी तिच्याकडे गेलो की तिला माझ्या तोंडावर खोटं बोलावं लागेल. तिला तो त्रास नको. मलाही शपथ घातली होती, म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. पण तू स्वतःच लिहिलंस, आता कसली शपथ.”

ती दोघींचे कप धुवायला आत गेली.

कलम ८. माझी माती झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, कारखान्यात कामगार सिगार वळत असताना त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवणारे इदाल्बेर्तो यांनी आपल्या उंच खुर्चीवरून कलम पाच, सहा आणि सात सबंध वाचावीत. आवाज चढवू नये, गाळू नये. आर्सेनिओ कामेहो याने खोलीत कधीही कंदील नेला नव्हता, हे वाक्य दोनदा वाचावे, कारण वळणाऱ्यांच्या सुऱ्यांचा खटखटाट असतो.

निएवेसचा याला विरोध आहे. ती म्हणाली, “बाबांनी जे जन्मभर झाकलं ते तू उघडं करणार? मग त्यांनी सोसलं ते कशासाठी?”

मी तिला सांगितले की त्याने माझी नोकरी झाकली. ती झाली, निवृत्तिवेतनही खाऊन झाले. आता झाकण्यासारखे माणूस उरणार नाही. पण गोदामात अजून दोन-तीन म्हातारे आहेत जे त्याला रॉकेलवाला म्हणतात, आणि ते मेल्यावर ऐकवून उपयोग नाही.

हे लिहायला कोरा कागद मात्र तिनेच आणून दिला.

ठिकाण : पिनार देल रिओ, माझे स्वयंपाकघर.
दिनांक : १४ नोव्हेंबर २०१९.

लिहून देणार : सोइला कामेहो

साक्षीदार १ : एउलालिया पेद्रोसो, शेजारीण. सोइलाने माझ्यासमोर सही केली. फांदी वाळलेली होती.

साक्षीदार २ : इदाल्बेर्तो कारमोना, वाचक. सबंध वाचीन.