तिचं सुतक

आई, ती गेली. गाझियाबादच्या घरात माझ्याबरोबर राहायची, तीच.

तू आलीस तेव्हा ही सोसायटी नवी होती. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, भिंतींना ओल. आम्ही दोघी कपड्यांच्या एकाच कारखान्यात, मी शिवणावर, ती तपासणीला. घरात पलंग एकच आहे हे तू पहिल्याच दिवशी पाहिलंस आणि कणीक तिंबताना एवढंच म्हणालीस, "पातेल्याला झाकण असतं, लोकांच्या तोंडाला नसतं. जपून राहा." मला ते फार लागलं होतं. लग्न न झालेल्या मुलीची ओटी आपल्यात भरत नाहीत, माझी तू कधीच भरली नव्हतीस. आणि निघायच्या दिवशी तू दोन पाट मांडतेस, आम्हाला शेजारी शेजारी बसवतेस, दोघींच्या पदरात खण, नारळ, तांदूळ घालतेस. ती पंजाबी पोर बावचळते. "आंटी, कच्चे चावल? खाऊँ कैसे?" "असेच नाही गं बाई. भात करा, दोघींनी खा." तेवढं बोलून तू रिक्षात बसलीस.

तू देवाघरी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कोर्टानं सांगितलं, असं राहणं गुन्हा नाही. तिनं मजलाभर जिलबी वाटली आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, "भतीजा पास हो गया." पुढं आमच्यासारख्यांनी लग्नाचं विचारलं, तर ते म्हणे कोर्टाच्या हातात नाही. तिनं टीव्ही बंद केला. "चलो, इस उमर में मेहंदी कौन लगाता." हसली, पण त्या दिवशी जेवली नाही. मग दुखणं आलं. इस्पितळात काचेमागून विचारलं, "पेशंट की कौन लगती हैं?" म्हटलं, सगळंच. "आंटी, खून का रिश्ता बताइए." सही केली तिच्या भाच्यानं, कधी न फिरकलेल्या. ती गेल्यावर गावाकडे तिला तोच घेऊन गेला. वाईट नव्हता गं. "आंटी, आप थक गई होंगी, घर जाइए. फॅमिली है ना." मी फाटकापाशी उभी राहिले, गाडी वळेपर्यंत.

सुतक घरच्यांनी धरायचं असतं. मी धरलं. शेजारीण पूजेला बोलवायला आली, तिला गुडघे दुखतात म्हटलं. तिकडे त्यांचं तेरावं झालं असेल, मोकळे झाले असतील. इथं "फिटलं गं, ऊठ आता" म्हणायला कोण आहे? हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून तुला खरं सांगते. दिवस केव्हाच सरले, आई. देवापुढं दिवा मी अजून लावलेला नाही.