एकोणिसावी नळी

चि. तनुजा, मामाचा आशीर्वाद.

दिवाळीच्या सुटीत तू मला ड्रिलचा संच घेऊन कोकणात डच वखारीच्या उत्खननावर बोलावलंस. मातीच्या चिलमींच्या नळ्या पुढं ठेवून म्हणालीस, "मामा, फुंकायच्या नाय, मोजायच्यात!" चिलीम जितकी जुनी, तितकं नळीचं भोक मोठं, हे ऐकून मी थक्क झालो. शेंद्र्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं, नेमकं बसेल ते ड्रिल घालून, भोकं मोजतोय. दहावी नापास असून माझं माप इंजिनिअरही तपासत नाहीत. पण भोकावरून काळ काढणारी तू पहिलीच.

एकोणिसाव्या नळीत माती अडकली होती. मोजण्याआधी भोक साफ करायचं, ही आमची शिस्त. मी ड्रिल हातानं फिरवलं आणि पांढरी भुकटी पडली. ती नळीचीच होती. मी ती गुपचूप फुंकली आणि तुला तीन मिलिमीटर सांगितलं.

तू ओरडलीस, "मामा, वखार पन्नास वर्षं मागं गेली!" मी विसावी नळी मोजायला घेतली.

काल तुझा छापील अहवाल आला. एकोणिसावी नळी तू मोजणीतून वगळलीस. तळटीप आहे : 'भोकात ताजे ओरखडे, माप ग्राह्य नाही.' पन्नास वर्षं एका ओळीत सोडून दिलीस, पोरी! आज कारखान्यात सगळ्यांना तेच पान दाखवलं. म्हटलं, "माप असं घ्यावं."

शेजारच्या मशीनवरच्या सुदर्शननं विचारलं, "पण ओरखडे कुणी मारले हो?"

"असंल कुणी अडाणी," मी म्हणालो. सगळे हसले.

तुला नाव ठाऊक होतं. माझी लाज राखून तू ते छापलं नाहीस. म्हणून हे पत्र टाकायला हात धजत नाही.

तुझा,
सोमनाथमामा