पांढऱ्या जमिनीवरून घरी

पप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनचा तो शुक्रवार मी आज लिहायला घेते आहे. रोज ठरल्या वेळेला मजकूर हातावेगळा करणारी मी, हा एवढा मात्र मागे ठेवत आले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जानेवारीतल्या वादळाने दोन दिवस झोडपून काढलं आणि आपल्या गच्चीवरची डिश खालच्या पार्किंगमध्ये नेऊन टाकली. पाऊस थांबल्यावर तुमच्या फॅक्टरीत पाणी शिरलंय का ते बघायला तुम्ही सुट्टीच्या दिवशी निघालात. मी हट्टाने गाडीत बसले. बारावीनंतर मला मुंबईला हॉस्टेलवर राहून पत्रकारिता शिकायची होती, आणि मम्मीसमोर तो विषय काढला की जेवण बाजूला राहायचं. तुमचं एकच पालुपद, "तुला एकटीला जमणार नाही. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून ब्रेड आणायलासुद्धा तुला गाडी लागते."

"दॅट्स नॉट फेअर, पप्पा."

"भांडायचं तर मराठीत भांड. मुंबईचा बसकंडक्टर काय इंग्लिशमध्ये ओरडणार आहे तुझ्यावर?"

येताना रस्त्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली. खलास. वळसा घालून चालायचं तर सगळा रस्ता पाण्याखाली. समोर मात्र सबखा, समुद्राकाठची ती खारट सपाट जमीन, आणि तिच्या पलीकडे आपली इमारत स्वच्छ दिसते आहे. गार वारा सुटलाय, जागोजाग साचलेल्या पाण्यात आभाळ उतरलंय आणि मधल्या ओल्या जमिनीवर उन्हाने मिठाचा नवा पांढरा थर आलाय.

"यल्ला, पायी जाऊ," तुम्ही म्हणालात.

"आणि रुतलो तर?"

"वसईच्या मिठागरात वाढलोय मी. पांढरी जमीन तू मला शिकवू नकोस."

तुमच्या लहानपणीच्या मिठागराचा तळ माणसांनी पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेला असायचा. तिथे मीठ दिसलं की पाय निर्धास्त टाकायचा. इथे कुणी काही तुडवलेलं नव्हतं. तुम्ही शिटी वाजवत ऐटीत पुढे झालात आणि बघता बघता गुडघ्यापर्यंत आत गेलात. मी हात दिला, तुम्ही ओढ घेतलीत. पाय सुटला, बूट आतच राहिला. चर्चसाठी घेतलेला नवा बूट! एका पायात मोजा, कमरेपर्यंत उडालेला चिखल, आणि तुम्ही पहिल्यांदाच मला विचारलंत, "आता कुठून जायचं?"

थोड्या अंतरावर खुरट्या झुडपांची एक वाकडी रांग दिसत होती. मी म्हणाले, "झुडपं आहेत तिथे जमीन पक्की असते. माझ्या मागून या. आणि पांढऱ्यावर पाय टाकू नका."

"बरं, मॅडम."

ते 'मॅडम' चिडवण्यासाठी होतं. पण तुम्ही खरंच मागून आलात, मी पाय ठेवीन तिथेच पाय ठेवत. मधे मी थांबले की तुम्हीही थांबत होतात. सबखा ओलांडेपर्यंत तुम्ही एकदाही वाट सुचवली नाहीत. असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

मम्मीने दार उघडलं. "अरे देवा! लोळलात कुठे दोघं? आणि दुसरा बूट कुठाय?"

"तो राहू दे," तुम्ही म्हणालात. "हिला मुंबईला जाऊ दे. हिला वाट कळते."

त्यानंतर हा किस्सा तुम्ही प्रत्येक नाताळात सांगितलात आणि दर वर्षी चिखल थोडा वर चढत गेला. मी मुंबईला गेले, शिकले, टिकले. कुठल्याही नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी दारातच तुमचं ते 'हिला वाट कळते' मनात म्हणायचे आणि आत शिरायचे.

इथवर लिहिलेले हे कागद मृतांच्या सणाला पर्समध्ये घालून वसईला नेले होते. तुमच्या कबरीवर मेणबत्ती लावली, कागद वाचून खरं काय ते तुम्हाला सांगायला पर्स उघडली. शेजारी उभे राहून काका माझ्या मुलीला तोच किस्सा सांगत होते, अगदी तुमच्या थाटात, आणि ती माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होती. मी पर्स बंद केली. पप्पा, झुडपांचं ते मला कुणीही शिकवलं नव्हतं. त्या क्षणी सुचलं आणि खरं की खोटं ठाऊक नसताना मी ठासून बोलले.