अचानक आणि नकळत

बेकर्स फॉल्स, न्यू जर्सी
१२ नोव्हेंबर १९८९

लाडके रेनी,

तू आणि डॅन दोघंही सुखरूप असाल अशी आशा करते. तिकडे ॲरिझोनात अजून ऊन तापत असेल. इथे झाडं बोडकी झाली आणि माझा गुडघा कुरकुरायला लागला. चर्चमध्ये नवे फादर आलेत. त्यांना पोलिश येत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या बायका हौसेने पोलिशमध्ये पापं कबूल करून मोकळ्या होतात.

रस्त्यावर पाण्याचा ट्रक अजून येतो. आणि तो येतच राहणार, कारण खटल्याचा निकाल लागला. आपण हरलो.

हे सगळं तू ॲरिझोनाला गेल्यावर सुरू झालं, म्हणून पहिल्यापासून सांगते. ताताच्या, आपल्या वडिलांच्याच, कारखान्यात मुलामा देण्याआधी सुटे भाग धुवायचं जे द्रावण वापरायचे, ते जमिनीत मुरून सगळ्यांच्या विहिरींत उतरलं, हे सरकारच्या तपासणीत निघालं. माती उपसा, घरोघरी नळ द्या, असा हुकूम आला. कारखाना विकूनही ते झालं नसतं. म्हणून विमा कंपनीकडे गेलो. त्यांनी पॉलिसीतले शब्द दाखवले: नुकसान अचानक आणि नकळत झालं असेल तरच भरपाई. तुमचं विष वर्षानुवर्षं झिरपत होतं आणि मालकाला ते ठाऊक होतं, असं त्यांचं म्हणणं. दोन्हीकडचे वकील त्या दोन शब्दांवर तीन वर्षं भांडले.

आपला वकील हॅलोरन. त्याचं म्हणणं, एका वादळात पूर येऊन टाकी फुटली, ताताला पत्ता नव्हता. 'अचानक' त्याने पुराने सिद्ध केलं. 'नकळत'साठी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. म्हणाला, "मिस कुबियाक, विहिरीत विष आहे हे ज्याला माहीत आहे, तो माणूस स्वतःच्या नातीला ते पाणी पाजेल का? ज्युरीला एवढं एकच पटवायचंय. एखादा फोटो आहे?"

मी दिला, रेनी. तो बागेतला. ताताने, तिच्या जाजाने, नळी धरलीय आणि तुझी सेसी खाली तोंड लावून पितेय, पुढचे दोन दात पडलेले. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही. सगळ्या रस्त्याला चांगलं पाणी मिळेल, गेलेल्या पोरीचं त्यात काय जाणार आहे, असं मी मनाशी म्हटलं. हे वाक्य आता कागदावर बघवत नाही, पण खोडत नाही.

ताताला आम्ही सांगितलं नव्हतं. कोर्टात हॅलोरनने तो फोटो दाराएवढा मोठा करून आणला आणि त्यांच्यासमोर उभा केला. ताताने चष्मा काढला.

"मिस्टर कुबियाक, ही मुलगी कोण?"

"नात. सेसिलिया."

"या पाण्याची तुम्हाला जरा जरी शंका असती, तर तुम्ही तिला ते दिलं असतंत?"

ते फोटोकडे बघत राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, बरं वाटतंय ना. मग ताता हळू आवाजात म्हणाले, "तो फोटो खाली ठेवा."

"मिस्टर कुबियाक, तुम्हाला प्रश्न समजला नसेल तर—"

"समजला. टाकीखालच्या फरशीला तडा होता. दर उन्हाळ्यात वास यायचा. मला माहीत होतं. पोरीला यात आणू नका."

विमा कंपनीच्या वकीलबाईने एकही प्रश्न विचारला नाही. ती उभीसुद्धा राहिली नाही.

पाण्याचा संशय तुला सेसीच्या आजारपणातच आला होता. तिला पुरून आल्यावर तू ताताला स्वयंपाकघरात विचारलं होतंस, "तुम्हाला माहीत होतं का?" आणि ते कोट घेऊन बाहेर निघून गेले. उत्तर त्यांनी कोर्टात हॅलोरनला दिलं, पण प्रश्न तुझा होता, हे मला तिथेच कळलं.

परतताना गाडीत मी चिडून विचारलं, "ताता, खरंच माहीत होतं, की फोटो हटवावा म्हणून बोललात?"

"विहिरीपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं." गाडीतून उतरताना म्हणाले, "वाटलं नव्हतं म्हणजे, मी वाटू दिलं नव्हतं."

समोरच्या मिसेस म्रोझने मला बेकरीत गाठलं. "तुझ्या बापाला खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला? आयुष्यभर गप्प बसला, आणखी एक दुपार बसला असता तर काय जीभ झडली असती? आता आमची माती कोण उपसणार?" मी पाव घेऊन निघून आले. तिचं काय चुकलं, सांग. विमा कंपनी सुटली, कारखान्याला टाळं लागलं आणि सरकारी यादीत आपला रस्ता कुठेतरी शेवटी आहे.

त्यानंतर ताता जेवायला बसायचे, पण जेवायचे नाहीत. मी बटाटा भरून पिएरोगी करायची, ते काट्याने ताटभर फिरवायचे.

पुढचं लिहवत नव्हतं म्हणून मी फादर आणि गुडघ्यापासून सुरुवात केली. गेल्या मंगळवारी ताता गेले. सकाळी बूट घालायला बसले होते, एक पायात होता, एक हातात. शुक्रवारी पुरलं. म्रोझबाई आली होती. मागे उभी राहिली, प्रार्थना पुटपुटली आणि कोणाशी न बोलता गेली.

आईच्या आणि सेसीच्या मधली जागा त्यांच्यासाठी ठेवलेली होती, तुला माहीत आहे. पण त्यांनी महिनाभर आधीच मला बजावलं होतं, "मला पोरीच्या शेजारी ठेवू नका. तिच्या आईला तिथे यायला जड जाईल." म्हणून ते पलीकडे कुंपणापाशी आहेत. एकटेच. तू सेसीकडे आलीस तर ते वाटेत येणार नाहीत.

तुला कळवू नको असंही म्हणाले होते, पण मी थांबले ती त्या कारणाने नाही. तीनदा फोन उचलला. तू ऐकून घेशील आणि "बरं" म्हणून ठेवून देशील, याची भीती वाटली. पत्रातून ते "बरं" मला ऐकू येणार नाही.

या घरात आता एकटी उरलेली,
तुझी थोरली बहीण,
वांडा